गांठीचें खरें नांव

पुण्याहून अहिल्यानगरकडे, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगरकडे, जाणाऱ्या रस्त्यावर शिरूर लागतें. जुनीं माणसें त्यास अजून घोडनदीच म्हणतात. त्याच तालुक्यांत कवठे येमाई हें गांव आहे. येमाई देवीचें म्हणून तें ओळखलें जातें, आणि तमाशाच्या रसिकांस तें गीतकार बशीर मोमीन कवठेकर यांचें गांव म्हणूनहि ठाऊक आहे. अशा एखाद्या गांवाहून सकाळच्या एस्. टी.नें कोणी नातेवाईक पुण्यास किंवा मुंबईस येतो, हातांतली तपासणीच्या कागदांची पिशवी शहरांतल्या काकांच्या पुढें ठेवतो आणि म्हणतो, 'काका, आतां तुम्हीच सांगा काय करायचें तें.' हा प्रसंग शहरांतील बहुतेक शिकल्यासवरल्या घरांवर केव्हां ना केव्हां येतोच.

समजा, त्या पाहुण्याचें वय अठ्ठावीस आहे आणि त्याच्या मांडीच्या वरच्या भागांत एक गांठ आहे. हा पाहुणा कल्पित आहे. पण त्याच्या गांठीची वाटचाल या विषयांतील कोणाहि जाणत्या डॉक्टरास ओळखीची वाटेल. गांठ प्रथम दुखत नाहीं, म्हणून तिच्याकडे कोणी लक्ष देत नाहीं. कांद्याची गोणी उचलतांना स्नायु दुखावला असेल, बैलाचें शिंग लागलें असेल, असा कांहींतरी उलगडा घरचींच माणसें करतात. महिन्याभरानें ती लिंबाएवढी होते. संध्याकाळीं अंग कढत लागतें, रात्रीं घामानें अंथरूण भिजतें, सदरा सैल होऊं लागतो. जवळचे डॉक्टर पू झाला असावा म्हणून गोळ्या देतात, आणि सूज उतरावी म्हणून स्टेरॉइडची सुई टोंचतात. आणि काय आश्चर्य! आठ दिवसांत गांठ निम्मी होते. घरांत आनंद होतो, देवीपुढें नारळ फुटतो. दीड महिन्यानें गांठ परत येते ती पहिल्याहून मोठी. मग कोठें तरी चीर देऊन पाहतात. पू निघत नाहीं. मांसासारखें कांहीं निघतें, पण तें तपासावयास कोणी पाठवीत नाहीं. कोणी म्हणतें क्षयाची गांठ, कोणी म्हणतें चरबीची, आणि कोणी आवाज उतरवून तिसरेंच नांव घेतें. पिशवी शहरांत येऊन पोंचते त्या दिवशीं वडीलधाऱ्यांच्या तोंडीं एकच वाक्य असतें : 'आतां ती गांठ मुळासकट काढूनच टाका.'

वाक्य कळकळीचें असतें, पण तें वेळेआधीं उच्चारलेलें असतें. गांठ काढावयाची कीं नाहीं हें तिचें नांव कळल्यावर ठरतें. आणि कांहीं गांठी आपलें खरें नांव फार कष्टानें सांगतात.

मांडीसारख्या ठिकाणीं स्नायु असतात, चरबी असते, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतु असतात. या मऊ भागांतून जी घातक गांठ उगवते तिला सार्कोमा म्हणतात. ती त्या जागेचीच रहिवासी. तेथेंच जन्मली, तेथेंच वाढली. लिम्फोमाची गोष्ट वेगळी आहे. आपल्या रक्तांत व लसिकेंत ज्या पांढऱ्या पेशी शरीराचा पहारा करीत फिरतात, त्यांतील लसिका-पेशी बिघडून अनिर्बंध वाढूं लागल्या म्हणजे लिम्फोमा होतो. या पेशींचें मुख्य ठाणें मानेंतील, काखेंतील व जांघेंतील ग्रंथींत असतें. म्हणून लिम्फोमा बहुधा तेथेंच प्रकट होतो. परंतु पहारेकरी सर्व गांवभर हिंडणारा. तो क्वचित् स्नायूंत, कातडीखालीं, हाडांत, कोठेंहि ठाण मांडूं शकतो. मग बाहेरून पाहणाऱ्यास तो त्या घरचाच माणूस वाटतो. सगळा घोटाळा येथून सुरू होतो.

घोटाळा नुसता नांवाचा असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचें कारण नव्हतें. पण या दोन नांवांपुढें दोन निराळे रस्ते आहेत. सार्कोमावर प्रमुख उपाय शस्त्रक्रियेचा. गांठीच्या भोंवतालच्या निरोगी मांसाची जाड कड घेऊन ती सबंध काढावी लागते, पुष्कळदां पुढें किरणोपचार द्यावे लागतात, आणि क्वचित् प्रसंगीं जीव वाचविण्यासाठीं पाय गमवावा लागतो. लिम्फोमा हा मूळचाच साऱ्या शरीराचा रोग. त्यावर सुरीचा उपयोग तुकडा घेण्यापुरता. खरा उपाय शिरेंतून व तोंडावाटें दिल्या जाणाऱ्या औषधांचा. सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन आणि प्रेड्निसोलोन हीं चार औषधें दर तीन आठवड्यांनीं, साधारण सहा वेळां देण्याची पद्धति अनेक प्रकारच्या लिम्फोमांवर दीर्घकाळ चालत आलेली आहे. म्हणजे ज्या गांठीसाठीं मांडी कापण्याची तयारी चालली होती, ती गांठ कदाचित् सलाइनच्या बाटलींतून विरघळून जाणारी असूं शकते. आणि ज्या रोग्याचा पाय उगाच गेला, त्याचा रोग मात्र शरीरांत इतरत्र शाबूत राहूं शकतो.

असा घोटाळा एका माणसाच्या बाबतींत नव्हे, तर सबंध एका रोगाच्या बाबतींत झाल्याचें उदाहरण वैद्यकाच्या इतिहासांत आहे. डेनिस बर्किट हा आयरिश शल्यवैद्य युगांडांत कंपाला येथील मुलागो इस्पितळांत काम करीत होता. १९५७ सालीं त्याला एक लहान मूल दाखविण्यांत आलें. त्याचा वरचा व खालचा जबडा दोन्ही बाजूंनीं सुजला होता. थोड्याच दिवसांत दुसऱ्या गांवीं तसेंच दुसरें मूल दिसलें. बर्किटनें जुनीं टिपणें चाळलीं, मुलें मोजलीं, आणि १९५८ सालीं निबंध प्रसिद्ध केला; त्याच्या मथळ्यांत त्यानें या रोगास जबड्याचा सार्कोमा म्हटलें. जबडा कापून कांहीं निष्पन्न होत नव्हतें; मूल विद्रूप होई आणि तरीहि दगावे. १९६० सालीं ओकॉनर आणि डेव्हिस या विकृतिशास्त्रज्ञांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून सांगितलें कीं, हा लिम्फोमा आहे. नांव बदललें आणि उपचारहि बदलला. त्यानंतर औषधांच्या थोड्याशा मात्रांनीं या मुलांच्या चेहऱ्यांवरच्या सुजा झपाट्यानें ओसरलेल्या डॉक्टरांनीं पाहिल्या. बर्किटनें आपल्या निबंधांत चुकीचें नांव छापलें होतें, तरी आज त्या रोगास त्याचेंच नांव आहे. पाहिलें तें त्यानें प्रामाणिकपणें मांडलें, म्हणूनच इतरांस तें दुरुस्त करतां आलें.

आपल्याकडे या विद्येचा पाया मुंबईस परळ येथें घातला गेला. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ सालीं ल्युकेमियानें, म्हणजे रक्ताच्या कर्करोगानें, वारल्या. लिम्फोमा हा याच रोगाचा सख्खा भाऊ. त्या दुःखाचें स्मरण मागें ठेवून टाटांच्या विश्वस्तनिधीनें टाटा मेमोरियल हॉस्पिटल बांधलें व २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं तें खुलें झालें. तेथील प्रयोगशाळेची सूत्रें डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांच्या हातीं आलीं. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा गौरव होतो. रोग्याच्या खाटेशीं उभा राहणारा डॉक्टर लोकांच्या डोळ्यांपुढें असतो. आंतल्या खोलींत कांचेवर वांकलेला हा दुसरा डॉक्टर रोग्यास बहुधा कधींच दिसत नाहीं. पण गांठीचें बारसें करण्याचा अधिकार त्याचा आहे, आणि त्यानें चुकीचें नांव ठेवलें तर खाटेशीं उभा असलेला डॉक्टर कितीहि कुशल असला तरी चुकीच्याच रस्त्यानें जाणार.

हें बारसें कसें होतें? गांठीचा तुकडा प्रथम फॉर्मलिनमध्यें ठेवतात, म्हणजे तो कुजत नाहीं. मग त्यांतील पाणी काढून त्या जागीं वितळलेलें मेण भरतात. मेण थिजलें कीं तुकडा एका लहानशा ठोकळ्यांत पक्का होतो. त्या ठोकळ्यावरून एका विशिष्ट यंत्रानें तीन-चार मायक्रॉन जाडीचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तिप्पट-चौपट जाडीचे, पापुद्रे कापतात. केसाची जाडीहि त्याच्या कित्येक पट भरेल. पापुद्रा कांचेवर घेऊन दोन रंगांनीं रंगवितात. त्यांतील निळा-जांभळा रंग मध्य अमेरिकेंत उगवणाऱ्या एका झाडाच्या लांकडापासून निघतो. पेशीचें केंद्र निळें होतें, बाकीचा भाग गुलाबी. खानोलकरांच्या पिढीनें मुख्यतः या दोन रंगांवर व थोड्या पूरक रंगांवर आपलें सर्व निदान केलें. त्या नजरेचा आवांका मोठा होता, आणि आजहि पहिली परीक्षा तीच आहे.

पण नजरेला मर्यादा आहेत. शाळेंत एकाच गणवेशांतील पन्नास मुलें रांगेंत उभीं केलीं आणि पाठीकडून ओळखावयास सांगितलीं, तर वर्गशिक्षकसुद्धां चार-दोन ठिकाणीं चुकेल. घातक गांठीच्या पेशी जसजशा अधिक बिघडतात तसतशा त्या आपल्या कुळाच्या खुणा टाकून देतात. स्नायूच्या पेशीवरील पट्टे जातात, लसिका-पेशीचा आटोपशीर गोलपणा जातो. राहतात त्या नुसत्या मोठ्या, बेढब, भल्या थोरल्या केंद्राच्या पेशी. त्या कोणाच्या, हें पाठीकडून सांगणें कठीण.

वेष बदलण्यांत विशेष पटाईत असा एक विरळा लिम्फोमा आहे : ॲनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमा. याच्या पेशी मोठ्या असतात, एकमेकींस चिकटून घोळक्यानें राहतात, आणि कांहीं रोग्यांत तर त्या लांबट होऊन तंतूंसारख्या पसरतात, थेट सार्कोमासारख्या. १९८५ पूर्वीं या रोगास स्वतःचें नांवच नव्हतें. कोणी त्याला पसरलेला कर्करोग म्हणे, कोणी दुसऱ्याच पेशींचा घातक आजार. जर्मनींत कील येथें हॅराल्ड स्टाइन व त्याचे सहकारी हॉजकिनच्या रोगावर काम करीत असतां १९८२ सालीं त्यांना एक प्रतिद्रव्य सांपडलें. हें प्रतिद्रव्य पेशीवरील एका विशिष्ट खुणेलाच जाऊन चिकटतें. त्या खुणेस पुढें सी. डी. ३० असें नांव मिळालें. तीन वर्षांनीं याच मंडळींनीं दाखवून दिलें कीं, ज्या बेढब गांठींचें कूळ कोणास सांगतां येत नव्हतें, त्यांतील कित्येकांवर ही खूण ठळक उमटते, आणि त्या लसिका-पेशींच्या कुळांतील आहेत.

येथें प्रतिद्रव्यांची युक्ति थोडी समजून घेतली पाहिजे. प्रत्येक कुळाच्या पेशीवर कांहीं प्रथिनें असतात. तीं कुलुपें समजावींत. त्या त्या कुलुपासच बसणारी किल्ली म्हणजे प्रतिद्रव्य. १९४१ सालीं, म्हणजे परळचें इस्पितळ उघडलें त्याच वर्षीं, अमेरिकेंत आल्बर्ट कून्स यानें किल्लीला चमकणारा रंग बांधण्याची कल्पना प्रत्यक्षांत आणली. पुढें १९७५ सालीं केंब्रिजमध्यें कोलर आणि मिल्स्टाइन यांनीं हव्या त्या एकाच जातीची किल्ली हव्या तितक्या प्रमाणांत घडविण्याची रीत शोधली. त्याबद्दल त्यांना १९८४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. आज मेणाच्या ठोकळ्यावरचा पापुद्रा एकेका किल्लीच्या द्रावणांत भिजवितात. कुलूप असेल तेथें तपकिरी रंग उमटतो, नसेल तेथें निळें रान तसेंच राहतें.

इतकें सोपें असतें तर निदानाचें काम यंत्रावरच सोंपवितां आलें असतें. अडचण अशी कीं, विचारल्यावांचून उत्तर मिळत नाहीं. मांडींतली गांठ पाहून ज्याच्या मनांत सार्कोमाच बसला आहे, तो सार्कोमाच्याच किल्ल्या लावून पाहतो. स्नायूची किल्ली लागत नाहीं, मज्जातंतूची लागत नाहीं, त्वचेच्या कुळाची लागत नाहीं. व्हिमेंटिन नांवाची एक लागते, पण ती इतक्या कुळांस लागते कीं तिच्यावरून कांहीं ठरवूं नये. कदाचित् तो सावधपणें लसिका-पेशींची सर्वसाधारण किल्ली, सी. डी. ४५, हीहि लावून पाहतो. आणि येथें हा लुच्चा रोग खरा दगा देतो. कारण त्याच्या कांहीं रोग्यांत हें कुलूपच नसतें. मग अहवालावर 'कूळ न ठरलेला सार्कोमा' असा शेरा पडतो आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरते. सी. डी. ३० विचारण्याचें राहून गेलेलें असतें.

उलट बाजूनेंहि चकवा आहे. ई. एम. ए. नांवाची जी खूण आंतरत्वचेच्या कर्करोगांत व कांहीं सार्कोमांत दिसते, ती या लिम्फोमांतहि पुष्कळदां दिसते. सी. डी. ३० दिसली म्हणून तेवढ्यावर निकाल देतां येत नाहीं. वृषणाच्या एका गांठींत आणि इतर कांहीं ठिकाणीं तीहि उमटते. १९९४ सालीं अमेरिकेंतील मेम्फिस येथें मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या लिम्फोमांतील एक मोठा दोष हुडकून काढला : दुसऱ्या व पांचव्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलले जातात आणि त्यांतून ए. एल. के. नांवाचें प्रथिन नको तेथें तयार होतें. त्याचीहि किल्ली निघाली, आणि निदान बरेंच सुकर झालें. पण त्याच ए. एल. के.ची खूण दाहासारख्या दिसणाऱ्या एका खऱ्याखुऱ्या मऊ गांठींतहि सांपडते! म्हणून जाणता विकृतिशास्त्रज्ञ एका किल्लीवर भिस्त ठेवीत नाहीं. तो पांच-सहा किल्ल्यांचा जुडगा लावतो, त्यांचीं उत्तरें एकमेकींशीं ताडून पाहतो, रोग्याचें वय आणि ताप-घाम विचारतो, आणि तरीहि शंका उरली तर गुणसूत्रांची परीक्षा करवितो.

मुलांच्या बाबतींत असाच दुसरा चकवा प्रसिद्ध आहे. हाडांजवळ लहान, गोल, निळ्या पेशींची गांठ आली म्हणजे प्रथम ईविंगच्या सार्कोमाची आठवण होते. त्याची खूण सी. डी. ९९. पण बाल्यावस्थेंतील लसिका-पेशींचा लिम्फोब्लास्टिक लिम्फोमाहि सी. डी. ९९ दाखवितो, आणि त्यांतहि सी. डी. ४५ कधीं कधीं गैरहजर असते. टी. डी. टी. नांवाची खूण विचारली कीं बहुधा उलगडा होतो; न विचारली तर एका रोगाचें औषध दुसऱ्या रोगावर महिनोन् महिने चालूं शकतें.

हा रोग आपल्याकडे किती आढळतो? परळच्याच टाटा मेमोरियलमधून नरेश, श्रीनिवास आणि सोमण या विकृतिशास्त्रज्ञांनीं २००० सालीं २७७३ नॉन-हॉजकिन लिम्फोमांची छाननी प्रसिद्ध केली. त्यांत शंभरांत सुमारें चौतीस गांठी मोठ्या बी-पेशींच्या सामान्य लिम्फोमाच्या होत्या. ॲनाप्लास्टिक जातीच्या शंभरांत चारांच्या आसपास. त्यांतल्या ग्रंथी सोडून केवळ मांसांत उगवणाऱ्या त्याहून थोड्या. म्हणजे तालुक्याच्या ठिकाणच्या डॉक्टरास सबंध आयुष्यांत अशी एकहि गांठ भेटणार नाहीं, हें अगदीं संभवनीय आहे. त्यानें ती ओळखली नाहीं म्हणून त्याला बोल लावणें अन्यायाचें होईल. त्याच्याकडून अपेक्षा इतकीच कीं, न ओळखलेल्या गांठीवर त्यानें सुरी आणि सुई या दोन्ही गोष्टी आवरून धराव्या.

सुईची गोष्ट आधीं. कवठ्याच्या पाहुण्याची गांठ ज्या स्टेरॉइडनें निम्मी झाली, त्याच वर्गांतलें प्रेड्निसोलोन हें लिम्फोमाच्या चार औषधांपैकीं एक आहे! म्हणजे त्याला नकळत अर्धामुर्धा उपचार मिळाला. रोग मेला नाहीं, पण नरमला. आणि त्या दिवसांत कोणी तुकडा काढला असता तर त्यांत मेलेल्या पेशींखेरीज फारसें कांहीं दिसलें नसतें. चोर घरांत असतांना दिवा मालविण्याचाच हा प्रकार. कोणत्याहि अनोळखी गांठीवर तपासणीपूर्वीं स्टेरॉइड देऊं नये, हें या विषयांतील सर्व तज्ज्ञ कानीं-कपाळीं ओरडून सांगत आले आहेत. क्षयाच्या औषधांचीहि तीच कथा. आपल्याकडे मानेच्या गांठी पुष्कळदां खरोखरच क्षयाच्या असतात, त्यांस गंडमाळ म्हणतात; पण तुकडा न तपासतां नुसत्या अंदाजानें सहा महिने क्षयाचीं औषधें चालविलीं आणि गांठ लिम्फोमाची निघाली, तर ते सहा महिने परत मिळत नाहींत.

आतां सुरीबद्दल. 'गांठीला हत्यार लावूं नये, लावलें कीं ती भडकते,' हा समज कवठ्यांत आहे तसा पुण्याच्या पेठांतहि आहे. हा समज कसा रुजला असावा हें समजणें कठीण नाहीं. पूर्वीं रोगी इतक्या उशिरां येत कीं, तुकडा काढला न काढला तरी पुढील महिन्यांत रोग वाढावयाचाच. लोकांनीं सुरी आणि वाढ यांची सांगड घातली. नीट योजून काढलेल्या तुकड्यानें लिम्फोमा भडकतो याला आधार नाहीं. सार्कोमाच्या बाबतींत मात्र सावधगिरीस कारण आहे. सुई कोणत्या वाटेनें घालावयाची हें पुढील शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननेंच ठरवावें, म्हणजे ती वाटहि त्याला पुढें गांठीबरोबर काढून टाकतां येते. आणि खरोखर सार्कोमा असलेली गांठ कोणी चरबीची समजून उगाच खरवडून काढली, तर मागें राहिलेल्या अंशासाठीं दुसरी, अधिक मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणजे गांठ या नांवाची असो वा त्या, 'काढूनच टाका' हें वाक्य दोन्हीकडून नडतें. बारीक सुईनें ओढलेल्या चार थेंबांवरहि लिम्फोमाचें पुरें नांव बहुधा ठरत नाहीं. जाड सुईचे तीन-चार दोरे किंवा छोट्या शस्त्रक्रियेनें घेतलेला तुकडा लागतो. जुडग्यांतील सर्व किल्ल्या लावून होईपर्यंत ठोकळ्यांत माल शिल्लक राहिला पाहिजे, हा साधा हिशेब आहे.

नांव बरोबर कळलें तर पुढें काय? ए. एल. के. असलेल्या ॲनाप्लास्टिक लिम्फोमाचे रोगी बहुधा तरुण असतात, आणि योग्य उपचारांनंतर त्यांतील सुमारें सत्तर टक्के पांच वर्षांनंतरहि हयात असल्याचें मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणींत दिसलें, ए. एल. के. नसलेल्यांत हें प्रमाण पन्नास टक्क्यांच्या आसपास होतें. २०११ पासून एक नवें औषध उपलब्ध झालें आहे, ब्रेन्टुक्सिमॅब व्हेडोटिन. त्याची करामत अशी कीं, तें सी. डी. ३० याच कुलुपाची किल्ली आहे, आणि त्या किल्लीस विष बांधलेलें आहे. ज्या खुणेनें रोग ओळखला त्याच खुणेवर नेम धरून तो मारावयाचा. औषध महाग आहे, हें खरें. पण ज्याच्या गांठीवर सी. डी. ३० कोणी विचारलीच नाहीं, त्याच्यासाठीं तें स्वस्त असून काय आणि महाग असून काय!

पाहुण्याच्या पिशवींत रक्ताचे अहवाल असतात, फोटो असतात, औषधांच्या पावत्या असतात. बहुधा नसतो तो मेणाचा ठोकळा. कवठ्याचा पाहुणा पुण्यास आला आणि येथें त्याचा तुकडा रीतसर काढला गेला, तर तो दहा टक्के फॉर्मलिनच्या बाटलींत, तुकड्याच्या निदान दसपट द्रावांत, गेला पाहिजे. मिठाच्या पाण्यांत किंवा स्पिरिटमध्यें नव्हे. अहवालांत 'कूळ न ठरलेला' असे शब्द असले, किंवा तरुण रोग्याला ताप-घाम असूनहि सार्कोमाचें नांव आलें, तर शस्त्रक्रियेपूर्वीं दुसऱ्या विकृतिशास्त्रज्ञाचें मत मागावें. त्यांत पहिल्याचा अपमान नाहीं. विकृतिशास्त्रज्ञ अवघड कांचा एकमेकांस नेहमींच दाखवितात. २०१२ सालीं टाटा मेमोरियलच्या पुढाकारानें देशांतील कर्करोग केंद्रांचें एक राष्ट्रीय जाळें उभें राहिलें, त्यामुळें मोठ्या केंद्राचें मत मागणें पूर्वींपेक्षां सोपें झालें आहे. दुसरें मत हवें असल्यास प्रयोगशाळेंत लेखी अर्ज देऊन ठोकळा आणि कांचा दोन्ही मागून घ्याव्या; नुसत्या कांचांवर नवीन किल्ल्या लावतां येत नाहींत. ठोकळा वर्षानुवर्षें टिकतो, पण तो मेणाचा आहे, वैशाखांत एस्. टी.च्या खिडकीपाशीं उन्हांत ठेवूं नये. त्याच्याबरोबर पहिल्या अहवालाची प्रत, आणि एका कागदावर आजवर घेतलेल्या औषधांची यादी तारखांसह द्यावी. त्या यादींत गांवच्या डॉक्टरानें दिलेली ती एक सुई, जिनें गांठ आठ दिवसांत निम्मी झाली होती, तीहि लिहावी. पलीकडच्या खोलींत कांचेवर वांकलेल्या माणसास ती ओळ कदाचित् बाकीच्या सर्व कागदांहून अधिक उपयोगी पडेल.